भिंतीतलं फाटक

चार माणसं रोज एकत्र काम करायला लागली की किस्से आपोआप जमतात. आमच्या अमरावतीच्या ऑफिसात तर ते उरलेल्या टाइल्ससारखे साठलेत, फेकवत नाहीत आणि कुठे बसवताही येत नाहीत. प्रभाताई आमच्या बॉस. घर विकायला काढलेली माणसं आधी त्यांच्याकडे येतात आणि विचारतात, काय केलं म्हणजे भाव वाढेल? रंग आणि प्लंबिंग माझ्याकडे, डोकं ताईंचं.

*

मोर्शीच्या एका संत्रा बागायतदाराला हॉलमध्ये पीओपीचं सीलिंग आणि झुंबर पाहिजे होतं. मोबाईलमध्ये फोटो तयारच होता. ताईंनी तो पाहिलासुद्धा नाही. मला गच्चीवर पाण्याचा पाइप सोडायला लावला आणि स्वतः खाली सोफ्यावर चहा घेत बसल्या. चहा संपत आला, तोच बागायतदाराच्या खांद्यावर टपकन थेंब पडला.

"भाऊ, पयले छत, मंग झुंबर," ताई शांतपणे म्हणाल्या.

वॉटरप्रूफिंग झालं. घर चांगल्या भावाने गेलं, तेही झुंबराशिवाय.

*

अकोल्याचं घर. मे महिना. मालक गिऱ्हाइकांना सकाळी सकाळी बोलवायचा, कारण दुपारी आत उभं राहवत नव्हतं. ताईंनी गच्चीला पांढरा थर दिला, पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे बांधले आणि वेळच बदलली.

"अकोल्यातलं घर दुपारी दोनलेच दाखवा. सकाळी तं सारीच घरं थंड रायतात."

गिऱ्हाईक म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आलं. आम्ही बाथरूम दाखवत होतो, तोवर म्हातारबुवा रिकाम्या फरशीवर आडवे होऊन घोरायला लागले. ते उठेपर्यंत सौदा ठरला होता.

*

भातकुलीच्या एका घरी नवरा सांगत होता, "किचन एकदम ओके आहे." ताई त्याच्या बायकोकडे पाहत होत्या. बाई उंच, आणि ओटा बसवलेला बुटक्या सासूच्या मापाने. आम्ही ओटा उंच केला, सिंक खिडकीखाली घेतलं. पाहायला आलेल्या बायका आधी तिथेच उभ्या राहायच्या, आणि घर गेलं.

सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा बाईंनी ओट्यावरून एकदा हात फिरवला.

"मी इथं वाकू वाकू रांधत होती, तवा काहून नाई केला?"

नवरा ट्रकची दोरी तपासायला निघून गेला. त्या दिवशी मलाही घरी जाऊन आमचा ओटा पाहावासा वाटला.

*

आता भास्करकाकांचं. अमरावतीतलं टुमदार घर, अंगणात शेवगा. काकू गेल्यापासून काका एकटेच.

"दिवसभर बोलाले माणूस नाई," ते म्हणाले. "म्हणून पोराकडे पुण्याले चाललो. जीव तं इथंच अटकला हाये, पण भिंतीशी किती बोलू?"

घर सगळ्यांना आवडायचं. मग गिऱ्हाईक शेजारी चौकशी करायचं आणि पुन्हा फिरकायचं नाही. शेजारी नामदेवराव. शेवग्याचा पाला पडतो म्हणून त्यांचं काकांशी वाजलं होतं. काकांनी मध्ये उंच भिंत घातली आणि बोलणं बंद झालं. चौकशीला आलेल्याला नामदेवराव एवढंच सांगायचे, "त्या घराचं मले नका विचारू."

ताईंनी घर फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आत काईच कराचं नाई. भिंतीत एक फाटक पाह्यजे."

"त्यानं भाव वाढते?" काकांनी विचारलं.

"सगळ्यात जास्त."

आम्ही भिंत फोडून छोटं फाटक बसवलं. ताईंनी काकांच्या हातात शेंगांची जुडी दिली आणि म्हणाल्या, "जा." पलीकडून बराच वेळ भांडणाचा आवाज आला, मग कपबश्यांचा. दुसऱ्या दिवसापासून दोघांचा सकाळचा चहा एकत्र व्हायला लागला. मी तर ताईंना मनातल्या मनात हातच जोडले.

मग एक चांगली पार्टी आली. घर पसंत, भाव मंजूर. रिवाजाप्रमाणे पाहुणे शेजारी विचारायला गेले. आम्ही फाटकाशी कान देऊन उभे, काकाही.

"घर एक नंबर हाये," नामदेवराव सांगत होते. "छत पक्कं, पाणी गोड, वस्ती चांगली."

ताईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

"पण ते इकाचं नाई."

पाहुणे गोंधळून एकमेकांकडे पाहायला लागले. काकांनी फाटक ढकललं, पलीकडे गेले आणि खुर्ची ओढून बसले.

"नामदेवा," ते म्हणाले, "पाहुण्यायसाठी चहा मांड."