कुकरचं चित्र

पुण्याच्या एका चित्रकाराने कॉम्प्युटरवरून शिकवणी सुरू केली, तेव्हा महाडात आमच्याकडे नुकतंच इंटरनेट आलं होतं. तो मोठमोठ्या भिंती रंगवत असे आणि तिथेच उभा राहून बोलत असे. व्हिडिओ अडकत अडकत चाले. धडे आपापल्या सवडीने करायचे, चित्राचा फोटो पाठवायचा, तो स्वतः उत्तर देई. इतक्या मोठ्या माणसाने आमच्यासारख्यांची चित्रं बघावी, याचे उपकार मी आजही मानते.

मी पोलादपूरकडच्या वाडीतली, घरातली पहिली पदवीधर. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड. पोर्शन वेळेत संपवायचा, हे अंगातच मुरलेलं. दिवाळीच्या सुट्टीत मी सगळे धडे संपवले. प्रत्येक चित्राला उत्तर यायचं, "छान. पुढे चला."

नवरा बिरवाडीजवळच्या कारखान्यात शिफ्टला. भात होईपर्यंत तो माझ्या मागे बसून व्हिडिओ बघायचा. पहिला धडा होता : घरातली एक वस्तू कंटाळा येईपर्यंत काढा, आणि कंटाळा आला की पुन्हा काढा. मी कुकर एका संध्याकाळी शेडिंगसकट पुरा केला होता. त्याने माझ्याच वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर तोच कुकर सुरू केला, आणि तो काढतच राहिला.

"पुढचा धडा घ्या की," मी म्हटलं.

"ह्यो अजून संपला नाय गो."

एकदा माझ्या चित्रांबरोबर गंमत म्हणून त्याचाही एक कागद पाठवला. नाव घातलं नाही. माझ्या चित्रांबद्दल एक ओळ आली, आणि त्या कुकरबद्दल पानभर. तारेने बांधलेली मूठ, एका अंगाला काळवंडलेला तळ, शिट्टीपाशी थरथरलेली रेघ. शेवटी लिहिलं होतं, "ताई, रोज या कुकरपाशी उभं राहणाऱ्या बाईलाच हे दिसतं."

रोज उभी तर मीच राहत होते!

मी ते त्याला वाचून दाखवलं. तो हसला. "तुझ्याच नावानं आलाय ना? मग ठेव तुला."

त्याला ते नकोच होतं, याचा मला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी मी कुकर माळ्यावर टाकला.

"कुकर कुठं गेला?"

"बिघडलाय."

"सकाळी तर शिट्ट्या मारत होता."

"आता नाही मारत."

मग भात पातेल्यात होऊ लागला आणि तो पातेलं काढू लागला. झाकणाखालून फेस बाहेर येतो, तो त्याने असा काढला की मला बघवेना, आणि नजरही हलेना.

शेवटी मी चित्रकाराला खरं कळवलं. ते कौतुक माझ्या नावावर ठेवून घेणं मला जमेना. वाटलं होतं, निदान माझ्या प्रामाणिकपणाबद्दल तरी दोन शब्द येतील. उत्तर आलं, "त्यांना माझा नमस्कार सांगा. पुढची चित्रं जरूर पाठवायला सांगा."

मी स्वयंपाकघरात जाऊन निरोप सांगितला.

"बरं," तो मान वर न करता म्हणाला. "जरा बाजूला हो गो, उजेड अडतोय."