नागेशचा अल्बम, समोरचं नाव

सेलूच्या स्टेशन रोडवर नागेशचा फोटो स्टुडिओ. लग्नाचे फोटो तो स्वतः काढी, अल्बमची पानंही स्वतःच जुळवी. पानं झाली की हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून, पोटाशी धरून नांदेडची गाडी. अल्बम छापणाऱ्या लॅबमध्ये डिस्क द्यायची, फोटो उतरवून होईपर्यंत बाकावर बसायचं, मिळेल त्या गाडीनं परत. अख्खा दिवस मोडायचा. त्या कष्टाचा त्याला अभिमान होता.

समोर सिद्धोधनचा स्टुडिओ. दोघं एकाच उस्तादाकडे शिकलेले. सिद्धोधनचे फोटो बेताचेच, असं नागेशचं ठाम मत. पण हल्ली सिद्धोधन नांदेडला जातच नव्हता. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायचा, इंग्रजी अक्षरांची एक ओळ टाइप करायचा, आणि अख्खं फोल्डर लॅबच्या सर्व्हरवर जायचं. तोवर हा पठ्ठ्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायचा.

ते बसणं नागेशला बोचायचं.

"नागेशभौ, शिकून घ्या की. एका ओळीचं काम हाय."

"तुज्यासारखं बसून खायची सवय न्हाई मला."

घरी बायको, सुकेशनी, म्हणायची, "इचारा की त्याला. तोंड झिजतंय का?"

त्याला विचारण्यापेक्षा नांदेडला चालत जाणं नागेशला सोपं होतं.

पेडगावच्या भगवानरावांच्या लेकीचं, अपेक्षाचं लग्न झालं. फोटो नागेशनंच काढले. रविवारी ती नवऱ्याबरोबर पुण्याला निघणार होती. अल्बम तिच्यासोबत जायला हवा होता. नेमका तेव्हा नागेशचा गुडघा सुजला. गाडीत चढवेना. मग तो सहज आल्यासारखा सिद्धोधनच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि ती ओळ डोळ्यांनीच उचलून आणली. आपल्या दुकानात अक्षर न् अक्षर तशीच टाइप केली; फक्त पाठवायच्या फोल्डरचं नाव बदललं. पासवर्ड लॅबनं सगळ्या स्टुडिओंना एकच दिला होता. आकडे सरकत गेले, काम फत्ते झालं. नागेशनंही बाहेर खुर्ची टाकली आणि मुद्दाम समोर तोंड करून बसला.

शनिवारी अल्बमचं पार्सल आलं. पण समोर आलं.

ओळीच्या शेवटी असतं लॅबमधल्या कप्प्याचं नाव. प्रत्येक स्टुडिओचा कप्पा वेगळा. नागेशनं तेही सिद्धोधनचंच उचललं होतं. आणि ज्याचा कप्पा, त्याचं नाव लॅब अल्बमच्या मागच्या पुठ्ठ्यावर छापते. सोनेरी अक्षरांत: सिद्धोधन डिजिटल.

सिद्धोधन अल्बम घेऊन आला. हसू दाबत होता.

"भौ, फोटो तुमचे, कष्ट तुमचे. नाव फुकटात माजं झालं."

"दात नको काढू."

नागेशनं अंगठ्यानं अक्षरं घासून पाहिली. पक्की होती. पुन्हा छापायला वेळ नव्हता. अल्बम आलाच नाही म्हणून सांगावं, असंही मनात येऊन गेलं. पण पोरगी उद्या निघणार होती.

तेवढ्यात भगवानराव आलेच. पानं उलटता उलटता त्यांनी डोळे पुसले. मग मागचं नाव वाचलं.

"म्हंजे लग्नात फोटो काढायला ह्या समोरच्या पोरालाबी आणलं हुतं व्हय? लय मस्त काढलेत."



"न्हाई मामा," सिद्धोधनच बोलला, "एकूणएक फोटो नागेशभौचा हाय. माजा हात इतका चांगला न्हाई."

हेही त्यानंच सांगावं! नागेशचा जीव आणखीच जळाला.

भगवानराव अल्बम घेऊन गेले. नागेश लंगडत समोर गेला आणि सिद्धोधनच्या कॉम्प्युटरपुढे बसला.

"शेवटी काय लिहायचं ते दाखव. नीट दाखव. दुसऱ्यांदा मी इचारणार न्हाई."