वांग्याची गाय

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं टेक्निशियन होते. मैत्रिणी भुताखेताचं काही सांगायला लागल्या की मी म्हणायचे, "आण त्याचं सँपल, बघते." त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही...

माझी मुलगी पल्लवी जपानमध्ये यामागाता नावाच्या भागात राहते. जावई तिथल्या एका कारखान्यात आहेत. पल्लवीचं पहिलं बाळंतपण, म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये मी तिकडे गेले. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे हिरवीगार भातशेती. पीच इतके रसाळ की कोपरापर्यंत ओघळ. सोयाबीनच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात, आपण तुरीच्या शेंगा खातो तशा. दिवसभर झाडांवर रातकिड्यांसारखी किरकिर, आणि त्या आठवड्यात घराघरांवर कागदी कंदील. विचारलं तर पल्लवी म्हणाली, "ओबोन आहे आई. गेलेली माणसं तीन-चार दिवस घरी येतात. आपल्या आखाजीसारखंच."

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, पितरांना पाणी द्यायचा दिवस. ते नाव ऐकल्यावर मला जरा टोचलंच. माझं माहेर जळगावजवळचं असोदा, भरताच्या वांग्यांचं गाव. आबांना आम्ही दोघी मुलीच, त्यामुळे ते गेल्यापासून आखाजीला त्यांच्या नावाची घागर मीच भरते. पण त्या वर्षी व्हिसाच्या धावपळीत मुंबईला अडकले आणि घागर राहून गेली. मनात म्हटलं, पाणी भरलेल्या मडक्याने कोणाचं काय अडतं?

पल्लवीचं घर वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण, सातो आजी. वय ऐंशीच्या पुढे, नवरा वारलेला. खालच्या दारातल्या टेबलावर त्या रोज आमच्यासाठी परसातली भाजी ठेवायच्या. ओबोनच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिथे ताटलीत एक काकडी आणि एक टपोरं वांगं होतं. दोघांनाही खालून चार-चार काड्या टोचलेल्या. मी असोद्याची हो! भरताचं वांगं भाजायच्या आधी टोचून घेतात, हे मला कोणी शिकवायला नको. म्हटलं, बघा, म्हातारीने टोचूनसुद्धा दिलंय. वर नेलं, काड्या काढल्या, गॅसवर खरपूस भाजलं, मिरची आणि कांद्याची पात घालून ठेचलं. काकडीची कोशिंबीर केली. पल्लवी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली असेल.

संध्याकाळी खालून हाक आली. पल्लवी जाऊन आली ती पांढरीफटक.

"आई, टेबलावरचं वांगं...?"

"खाल्लंस की तू."

"अगं, ती गाय होती!"

काकडी म्हणजे घोडा. गेलेलं माणूस त्यावर बसून लवकर घरी येतं. वांगं म्हणजे गाय. तिच्यावर बसून ते सावकाश परत जातं. आजींनी निघायची तयारी म्हणून दोघांची तोंडं बाहेर करून ठेवली होती. मी खाली धावले, हात जोडले. दारात त्यांनी निरोपाची छोटी शेकोटी पेटवलेली होती. त्या हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. पल्लवीने अर्थ सांगितला, "त्या म्हणतायत, या वर्षी ह्यांना पायी जावं लागेल."

पायी गेले तर ठीक... पण गेलेच नाहीत तर?

दुसऱ्या दिवसापासून चपलांचं सुरू झालं. तिथे चपला दाराशी काढायच्या आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवायच्या. पल्लवी त्या बाबतीत फार शिस्तीची. सकाळी बघते तर माझ्या चपला उलट्या फिरलेल्या, टोकं घरात. म्हटलं, आपणच ठेवल्या असतील. सरळ केल्या. दुपारी पुन्हा तेच. मग मात्र मी लॅबवाली झाले. दार आतून लावलं, मोबाइलवर फोटो काढला, पल्लवीला पलंगावरून उठू दिलं नाही. तासाभराने बघितलं. टोकं घरात!

मी घाबरले. स्वतःसाठी नाही, पोरीसाठी. त्याच दिवशी तिचं बीपी वाढलं होतं. पोटुशी लेक, आणि मी कोणाच्या तरी परतीच्या वाटेचं भरीत करून तिलाच खाऊ घातलं! जावयांना सांगायची सोय नाही, ते हसले असते. मी नुसती दाराकडे बघत बसायचे.

चौथ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात तपासायला न्यायचं होतं. टॅक्सी खाली उभी. जिना लाकडी आणि चांगलाच उभा. आमच्या वरच्या दाराशी आलो तर माझ्या चपला आत, आणि आज पहिल्यांदाच पल्लवीचे बूटसुद्धा आत.

"आई, तू फिरवलेस?" म्हणत ती चिडून खाली बसली, बूट वळवायला हात लावला, आणि तशीच माझ्या अंगावर कलंडली. डोळे फिरलेले, हातपाय ताठ.

अँब्युलन्स आली. तासाभरात ऑपरेशन होऊन नात झाली. दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणाले, बीपीमुळे झटका आला होता. जिन्यावर आला असता तर...

सातो आजी नातीला बघायला आल्या. मी रडत रडत सगळं कबूल केलं. म्हटलं, तुमच्या मिस्टरांना मी अडकवलं, आणि त्यांनी माझी लेक वाचवली. पल्लवीने सांगितलेलं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली.

"त्या म्हणतायत, ते आमचे हे नसणार. आलेल्या पाहुण्याचे बूटसुद्धा ते आयुष्यभर बाहेर तोंड करून ठेवायचे. आत तोंड करायची आमच्याकडे पद्धतच नाही." पल्लवीने माझ्याकडे बघितलं. "आई... त्या म्हणतायत, तुमच्याकडचं कोणी असेल."

मला एकदम आबा आठवले.

आखाजीला माहेरी गेले की निघायच्या दिवशी माझ्या चपला कधीच सरळ सापडायच्या नाहीत. आबा त्या गुपचूप घराकडे तोंड करून ठेवायचे. मी वैतागले की म्हणायचे, "आज राह्य व माय. उद्या जाजो." आणि भरीत केलं की पहिला घास त्यांचाच असायचा.

मी लॅबमधली बाई आहे. बीपीचा झटका मला कळतो. चपलांचं मात्र मला आजही काही सांगता येत नाही. कोणाला सांगता आलं तर जरूर सांगा.

यंदा आखाजीला घागर भरली. शेजारी भरताची वाटी ठेवली. दाराशी चपला मुद्दाम बाहेर तोंड करून काढल्या आणि दिवसभर दहादा जाऊन बघितल्या. संध्याकाळपर्यंत त्या तशाच होत्या. सगळं नीट झालं, म्हणजे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगते, फार वाईट वाटलं.