निरगुडीचा फोक

निरगुडीच्या पाल्याचा उग्र वास आला की मला औंधजवळच्या शाळेतली पहिली नोकरी आठवते. सत्तरीचं दशक होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मुलांना मारायचं नाही, हे बी.एड.च्या वहीत मी मनापासून लिहिलं होतं आणि वर्गातही पाळत होतो. एके सकाळी आठवीतल्या एका मुलीचे वडील निरगुडीचा ओला फोक घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले. मेंढरं राखणारा माणूस. "मास्तर, तुमी पोरास्नी मारतच न्हाई म्हनं? मग शिकिवता तरी काय? हिला न्हेतो मी मेंढरांमागं." मी अडखळत समजावू लागलो, तसे ते हसले. "आवं, लय मऊ हाय तुमी. माझ्यादेखत एक वढा, मग ऱ्हाऊ द्या तिला." त्यांनी फोक माझ्या हातात दिला. तेवढ्यात ती मुलगी उठली, माझ्यासमोर आली आणि तिने मुकाट्याने हात पुढे केला. मी मारलं. वडील समाधानाने निघून गेले आणि तिची शाळा टिकली. तिने हात पुढे केला नसता तर मी काय केलं असतं, हे इतक्या वर्षांनीही मला सांगता येत नाही.