तेल वरून येत होतं

मंडळी, आज दुपारी लाखनीत हायवेवर उभ्या एका गाडीखाली लाल तेलाचा डाग दिसला. घरी आलो, पण मन कशातच लागेना, म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकात इथेच माझं गॅरेज होतं. जवाहरनगरचे एक साहेब त्यांची जुनी विलायती गाडी आणायचे. तिचे गिअर आपोआप पडायचे आणि त्या गिअरबॉक्सचं लाल तेल गळायचं. मी तळाच्या झाकणाचं गॅस्केट दोनदा बदललं, तरी गळती थांबेना.

साहेब म्हणाले, "भाऊ, तेल वरून येऊन राहिलं असंल. एकदा पाहून तं घ्या."

मी म्हटलं, "साहेब, गाडीखाली मी झोपतो. तुमाले काय दिसते?"

ते पुन्हा आले नाहीत. वर्षभराने त्यांच्या पत्नी आल्या. साहेब वारले होते आणि बाईंना गाडी विकायची होती.

या वेळी मी तळ रॉकेलने धुऊन कोरडा पुसला. इंजिन चालू ठेवून टॉर्च घेऊन खाली झोपलो. तेल गार करायला रेडिएटरकडे नेणाऱ्या नळीच्या वरच्या जोडातून ते पाझरत होतं आणि नळीवरून ओघळत तळाशी येत होतं. जोड बदलल्यावर गळती थांबली.

मी बाईंना म्हटलं, "साहेबांचंच बरोबर होतं. मीच ऐकलं नाही."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मले सांगून काय होते, भाऊ? त्यायले सांगाले पाह्यजे होतं."

गॅरेज बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. तुमचंही कोणाला असं सांगायचं राहून गेलंय का?