पानांखालची जागा

पाथरवटाला दोन गोष्टींचा गर्व होता आणि दोन्ही तो चारचौघांत बोलून दाखवायचा. एक, त्याच्या हातून आजवर एकही अक्षर वाकडं गेलं नव्हतं. दुसरी, कुणापुढे तोंड लपवायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. पहिला गर्व शेवटपर्यंत टिकला.

त्याची शेड रस्त्याला लागूनच होती. पायऱ्यांचे दगड, घरांच्या नावाच्या पाट्या, गेलेल्यांच्या आठवणीचे दगड, सगळं तिथेच घडायचं. दगडाची पूड त्याच्या भुवयांत असायची, चहाच्या कपातही असायची. बायको म्हणायची, "तुम्हाला आधी झटकावं लागतं, मग घरात घ्यावं लागतं."

लढाई थांबली, तह झाला, आणि गेलेल्या पोरांचं स्मारक करायचं गावाने ठरवलं. समिती नेमली. गिरणीवाले तिचे अध्यक्ष झाले, कारण सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या त्यांच्याकडेच होत्या. मग व्यक्ती तितक्या प्रकृती. एकाला तोफ हवी, दुसऱ्याला बंदूकवाला पुतळा, तिसऱ्याला कारंजं. पाथरवटाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काळ्या दगडाचा सरळ खांब करू. डोक्याहून थोडा उंच, भोवती बसायला पायरी. तोफ लोक चार दिवस बघतील. नावं रोज वाचतील." हे सगळ्यांना पटलं, कारण त्यात कुणाचीच सरशी झाली नव्हती.

नावं त्याने एकाच मापाची कोरली. अधिकारी होता त्याचं अक्षर जेवढं, तेवढंच सैन्यात स्वयंपाक करणाऱ्याचं. गिरणीवाल्यांचा पुतण्या अधिकारी होता, त्यामुळे त्यांनी नाक मुरडलं. पाथरवट बधला नाही. नावं वरच्या अर्ध्या भागात बसवून खालचा अर्धा भाग त्याने नुसता घासून गुळगुळीत ठेवला. दगड काठोकाठ भरू नये, हे त्याला बापाने शिकवलं होतं.

अनावरणाला गाव लोटलं. खांबावरची चादर टेलरबाईने शिवली होती, ती ओढल्यावर बाईनेच तिची घडी करायला घेतली. तह झाला असला तरी सीमेवरची काही पोरं अजून परतली नव्हती, आणि त्यांत तिचा एकुलता एक मुलगा होता. सगळे त्याला लंबू म्हणत. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "खाली एवढं मोकळं का सोडलं?"

पाथरवट त्या दिवशी खुशीत होता. इस्त्रीचा कोट घालून आला होता. एका दमात म्हणाला, "पुढं लागली तर जागा असावी."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. टेलरबाईचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या गुळगुळीत दगडाकडे पाहिलं आणि अर्धवट घडीची चादर तशीच काखेत घेऊन ती निघून गेली. घरी बायको एवढंच म्हणाली, "बाकी दगड चांगला झालाय." त्याने ताट बाजूला सारलं.

त्यानंतर टेलरबाई त्याच्याशी बोलेना. तो दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपणच तिच्या पोराला बोलावणं धाडलंय, असं त्याच्या मनाने घेतलं. शेवटी तो कुणालाही न विचारता छिन्नी-हातोडा घेऊन खांबापाशी बसला आणि त्या मोकळ्या भागात पानांची एक भरगच्च डहाळी कोरली. पानाला पान लागलेलं, मध्ये बोट ठेवायला जागा नाही.

असं काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. बाहेरगावचे लोक बघायला येऊ लागले. समितीनेही मागाहून मान डोलावली. टेलरबाई एका संध्याकाळी आली, तिने पानांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान झालंय." पाथरवटाचा जीव भांड्यात पडला.

लंबू परत आला, पण छातीत लोखंडाचा तुकडा घेऊन. तो काढायला डॉक्टर धजेनात. खोकत खोकत तो स्मारकाच्या पायरीवर येऊन बसायचा. त्याचे लांब पाय रस्त्यात यायचे आणि सायकली त्यांना वळसा घालून जायच्या. "काका, इथे माझी सोय करून ठेवली होती म्हणे," तो हसायचा. "बरं केलंत, बुजवलीत." पाथरवटही हसायचा. दोन हिवाळे असे गेले आणि लंबू घरी, आपल्या अंथरुणात गेला.

टेलरबाईने समितीकडे मुलाचं नाव कोरायला सांगितलं. एक जण म्हणाला, तो तर घरी गेला. हेडमास्तर म्हणाले, मरण तिकडेच लागलं होतं, पोचायला उशीर झाला एवढंच. गिरणीवाल्यांना वाद नको होता. ते पाथरवटाकडे वळले. "ते राहू द्या. आधी सांगा, दगडावर जागा आहे का?"

पानं तासून काढली तर खाली दगड भरपूर होता. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्याच्या डोळ्यांपुढे ती डहाळी आली, बाहेरगावचे लोक आले.

"नाही," तो म्हणाला.

बैठक तिथेच संपली. कुणी त्याला दोष दिला नाही. उलट घरी जाताना दोघांनी त्याच्या पानांची तारीफ केली, आणि त्याची मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई शेडमध्ये आली. तिच्या हातात लंबूची पँट होती. पायाची शिवण उसवून तिने आत दुमडलेलं कापड दाखवलं. "याला आम्ही माया म्हणतो. पोर वाढेल म्हणून आत सोडायची. तुम्ही तेच केलं होतं, धंद्याची रीतच ती. मी मात्र तुमच्याशी बोलणं टाकलं. आणि पानं कोरलीत तेव्हा मनातून खूश झाले. वाटलं, सुटला माझा पोरगा." तिने उसवलेली शिवण बोटाने दाबली. "मागच्या बाजूला कोराल का? तिकडे कुणी जात नाही, पण चालेल. पानं मोडू नका."

पाथरवटाच्या हातातली छिन्नी खाली आली. "बाई, जागा आहे. काल मी खोटं बोललो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कापड असो की दगड, आत किती उरलंय ते मलाही कळतं."

तिने पँटची घडी केली, या वेळी पुरती, आणि ती गेली.

भर दुपारी, बाजार भरलेला असताना, त्याने मधली पानं तासून काढली. लोक जमले. गिरणीवाले म्हणाले, "अहो, काल तर तुम्ही..." त्याने मान वर केली नाही. लंबूचं नाव इतरांच्याच मापाचं आलं, सरळ आलं. पण ते खोलगट जागेत बसलं. पाऊस पडला की तिथे पाणी साचतं आणि पाथरवट जाऊन ते बाहीने टिपून येतो.

बाहेरचे लोक अजून येतात. इतकी सुंदर पानं कुणी मोडली, असं हळहळून विचारतात.

"मीच," तो सांगतो. "जागा होती. मीच नाही म्हणालो होतो."