चार बजी आणि मेथीची जुडी

दहा दिवस झाले, आमच्या अंधेरीच्या घरात बजींची, म्हणजे त्या छोट्या रंगीत पोपटांची, चार पिल्लं आहेत. व्हिडिओत बघून ती हातावर यावीत म्हणून मी रोज राळ्याचे दाणे घेऊन पिंजऱ्यात हात घालते आणि चौघंही घाबरून जाळीला चिकटतात. वैताग आलाय यार.

आज सकाळी पाणी बदलून मी पिंजऱ्याचं दार लावायला विसरले. शेजारी आई कोथिंबीर निवडत होती. पिवळं पिल्लू बाहेर आलं आणि थेट तिच्या मनगटावर बसून काड्या कुरतडायला लागलं.

"काय केलंस गं?" मी आईला विचारलं.

"काही नाही. तू मांजरासारखी टक लावून बसतेस, मग ती घाबरणारच ना."

आता मीही मेथी निवडत बसलेय, मान खाली घालून. दर दोन मिनिटांनी चोरून बघते, तर चौघंही माझ्याकडेच बघत असतात. तुमच्यापैकी कुणाला जमलंय का हे, न बघता बसणं?